आकडा परत म्हणा

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘आकडेबाई’ म्हणत. फोनवर रिपोर्ट सांगितला की समोरच्याकडून आकडा वदवून घेतल्याशिवाय ती फोन ठेवत नसे. सव्वीस वर्षांची खोड.

एका रविवारी दुपारी ती ड्युटीवर एकटीच होती. एका दवाखान्यातून सकाळी आलेल्या रक्ताच्या नमुन्यात पोटॅशियम निघालं सात पॉइंट दोन. नमुना खराब नाही ना, म्हणून तिने नळी उजेडात धरून पाहिली, नमुना पुन्हा मशीनला लावला. आकडा तोच. एवढ्या पोटॅशियमने माणसाचं हृदय कधीही दगा देऊ शकतं.

दवाखाना बंद होता. डॉक्टरांनी घरचा फोन चौथ्या खेपेला उचलला. तिने आकडा सांगितला.

“सुट्टीच्या दिवशी कसले फोन करता? उद्या बघतो.”

“उद्यापर्यंत थांबण्यासारखं नाही, डॉक्टर. आकडा परत म्हणा.”

“तुम्ही टेक्निशियन आहात, डॉक्टर नाही.”

“म्हणूनच तर तुम्हाला फोन केला.”

फोन आपटला गेला. नंतर तो बंदच लागला.

रिपोर्ट परस्पर पेशंटला सांगायचा नाही, असा नियम होता. फॉर्मवर पेशंटच्या घरचा नंबर होता. तिने तो फिरवला. मुलीने उचलला.

“वडील काय करतायत?”

“पडून आहेत. पायात जीव नाही म्हणतात.”

“आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्या. मी तिथे कळवते.”

तातडीच्या विभागातल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी आकडा ऐकला आणि न सांगताच परत म्हटला. मगच आकडेबाईंनी फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी पेशंटचं डायलिसिस झालं. आठ दिवसांनी तो आपल्या पायांनी घरी गेला.

डॉक्टरांची तक्रार मात्र सोमवारीच आली होती. मॅनेजरने कोरा कागद पुढे सरकवला. “माफीच्या दोन ओळी लिहा, विषय संपवू.”

तिने दोनच ओळी लिहिल्या. “डॉक्टरांनी ऐकलं नाही म्हणून पेशंटच्या घरी फोन केला. पुन्हा अशी वेळ आली, तर पुन्हा करीन.”

“बाई, हट्ट सोडा.”

“सही केलीये खाली. तारीखही घातलीये.”

घरी नवरा चिडला. “चार वर्षं राहिली नोकरीची. कशाला उगाच अंगावर ओढून घेतेस?”

“पायात जीव नाही म्हणत होता तो,” एवढंच ती बोलली आणि कणीक मळायला घेतली.

तिची बढती अडली. त्या डॉक्टरांनी नमुने दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली. मॅनेजरने विचारलं, “रविवारची ड्युटी बदलून देऊ का?”

“नको,” ती म्हणाली. “रविवार माझ्याकडेच राहू द्या.”