मुठीतली नोट

माझा स्वभाव भित्रा आणि तोंड फटकळ. साथीच्या वर्षांत मी नोटा साबणाच्या पाण्यातून काढून दोरीवर वाळत घालायचे, तेव्हा सोलापुरातली आमची अख्खी गल्ली मला भित्री भागूबाई म्हणायची. साथ गेली, लोक विसरले. माझी भीती काही गेली नाही. भाजीवाली अंगठ्याला थुंकी लावून सुट्टे द्यायला लागली की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

त्यात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि दिवस भरायच्या आधीच मोकळी झाली. नात एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "साधा जंतूही हिला झेपणार नाही. हात धुतल्याशिवाय कुणी शिवायचं नाही." मी दारातच साबण आणि बादली ठेवली. पण रिकाम्या हातानं बाळाचं तोंड कोण बघतं? येईल त्या बाईला मी सांगायचे, पैसे मुठीत नको, ताटात ठेवा. तोंडं वाकडी व्हायची. होईनात का.

विहीणबाईंना मात्र ताटाचं कसं सांगणार? मुलीची आई ना मी. त्या सांगोल्याकडच्या, घरी शेळ्यामेंढ्या. एसटीनं घामाघूम होऊन आल्या, मी म्हटलं तसे कोपरापर्यंत हात धुतले. मी निर्धास्त होऊन चहा टाकायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर त्यांनी पोलक्यातली नोट काढून नातीच्या मुठीत दिलेली, आणि ती मूठ थेट तोंडात. नोटेचा कोपरा चोखून ओला झाला होता.

"लक्ष्मी सोडंना की, ईनबाई," त्या कौतुकानं म्हणाल्या. "लई पैसेवाली हुनार बगा."

नोट मळून काळी पडली होती. शेळीच्या बाजारातनं आलेली असणार, त्याआधी कुणाकुणाच्या खिशात, कुणाच्या थुंकीत, देव जाणे. मी नातीची बोटं एकेक करून सोडवायला लागले. ती रडून लालबुंद झाली, पण मूठ काही सुटेना.

"अहो, अक्कल आहे की नाही तुम्हाला?" माझ्या तोंडून गेलंच. विहिणीला असं बोलले मी. लेकीचा चेहरा पांढरा पडला. विहीणबाई चहा न घेताच गेल्या.

दुसऱ्या दिवशी नात दूध ओढेना. मग पाण्यासारखे जुलाब सुरू झाले आणि पोर मान टाकून पडली. रिक्षात मी तिच्या पोटावर नजर लावून बसले होते. पोट हललं की माझा श्वास सुटायचा. दवाखान्यात सुईला शीरच सापडेना, एवढा तिचा हात. पैसे भरायच्या खिडकीतला माणूस आजाऱ्यांच्या घरच्या नोटा थुंकी लावून मोजत होता.

डॉक्टरीणबाईंना मी नोटेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नोटेवर जंतू असतात हे खरं. पण त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. पाणी, हात, वाटी, कशानंही होतं."

कळल्यावर विहीणबाई धावत आल्या आणि दारातच थांबल्या, दोन्ही हात पदराखाली. "माज्यामुळं झालं का, ईनबाई?"

मी नातीच्या हाताला लावलेल्या नळीकडं बघत राहिले.

पोर वाचली. बारशाला विहीणबाईंनी सगळ्यांच्या आधी आपली नोट ताटात ठेवली आणि लांब भिंतीला टेकून बसल्या. "घ्या की हिला," मी म्हटलं. "नको, हितनंच दिसतीया की," त्या म्हणाल्या. शेवटी लेकीनंच बाळ उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. नातीनं लगेच त्यांचं बोट धरलं.

"सोडंना की," विहीणबाई माझ्याकडं बघत हळूच म्हणाल्या. या वेळी आवाजात कौतुक नव्हतं. "हात लई येळा धुतलेत ओ."

"राहू द्या," मी म्हटलं.

नात ते बोट तोंडाकडं न्यायला लागली. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.