पावडरचा डबा

आज सकायी माह्या घरात जे झालं, ते तुमाले सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मायनं माह्या चार महिन्यांच्या पोरीले पायावर घेऊन आंघोळ घातली, अन् मांडणीवरचा पावडरचा डबा घेतला. पावडर आधी आपल्या तळहातावर घ्यायची, मंग लेकराले लावायची, ही तिची सवय. तिनं हात नाकापाशी नेला.

"बापू, याले फवारणीच्या औषधावानी वास काहून येऊन राह्यला?"

डबा पाह्यला अन् तो मी तिच्या हातातून हिसकूनच घेतला. सोयाबीनच्या बियाण्याले लावून उरलेली जहरी पावडर मीच त्या रिकाम्या डब्यात भरली होती.

मायचे हात चारदा साबणानं धुतले. तरी तिले काही होत तं नाही ना, हे दर घंट्याले पाहून राह्यलो.

तोंडाले लावतो ती पावडर, कॅरमवर टाकतो ती पावडर, बियाण्याले लावतो तीबी पावडरच. दुपारी मोबाइलवर वाचलं, हा इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या धुळीच्या शब्दापासून आला म्हणे. मूठभर धुळीचं एवढं भेव मले कधी वाटलं नव्हतं.

तुमच्या घरच्या जुन्या डब्यांत काय भरून ठेवलं हाये?

माह्या डब्यावर हासणाऱ्या बाळाचं चित्र हाये. भरताना मले ते दिसलं नव्हतं.