सासऱ्याची तसबीर

आमची वांग्या-मिरच्यांची वाडी वाशीमला लागूनच. माझी माय हसायला लागली की शेजारच्या वाडीतली माणसं माना वर करून पाहायची. सुनेला हे शोभत नाही म्हणे! न शोभायला काय झालं? सासरा तर घरात नव्हताच, माझे वडील सहा वर्षांचे असतानाच तो वारला. त्यामुळे माय पदर सैल सोडून चुलीपुढे गात बसायची. आजी ओरडायची, माय आणखी हसायची.

मग एक फिरता चित्रकार आला आणि वडिलांना बापाच्या तसबिरीची हौस आली. फोटो कुठला असायला!

"चेहरा कसा होता?" चित्रकारानं विचारलं.

"मिशा होत्या. फेटा होता," वडील म्हणाले. संपलं.

मग आजीला विचारलं. तिनं फार विचार केला.

"पाय चांगले होते त्याइचे. टाच कधी फुटली नाई."

चित्रकार कपाळाला हात लावून बसला. त्याच दुपारी मायचे वडील कामरगावहून कांद्याचं रोप घेऊन आले. माय भाजी घेऊन बाजारात गेली होती. लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. ओट्यावर चित्रकाराशी घटकाभर गप्पा हाणून ते लेकीला न भेटताच परत गेले.

चार दिवसांनी तसबीर तयार झाली. वडिलांनी मिशा पाहिल्या, फेटा पाहिला आणि रडलेच. चुलीसमोरच्या भिंतीवर ती टांगली, आणि आमच्या घरात सासरा आला.

मायचा पदर नाकापर्यंत उतरला. गाणं बंद, हसणं बंद. पदराआडून काही दिसेना, म्हणून भाकरी करपायच्या. मला असा राग यायचा!

"माय, कागदच तं आहे ना तो?"

"हळू बोल, मामंजी पाहून राह्यले."

दोन महिने तिनं त्या भिंतीकडे डोळे वर करून पाहिलं नाही. शेवटी दिवाळीला भिंती सारवायच्या म्हणून तसबीर उतरवावी लागली. खाली मान घालून ती काच पुसत होती, आणि पुसता पुसता तिला डाव्या भुवईवरचा विळ्याचा वण दिसला.

"अगं बाई! हा तं माहा बाप!"

ती खालीच बसली. आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. "बापासमोर तोंड झाकून बसली ना मी! दोन महिने!"

आवाज ऐकून आजी आली. आता तसबीर उकिरड्यावर जाणार, असं मला वाटलं.

"आत्याबाई, हे मामंजी नाईत," माय म्हणाली.

आजीनं तसबीर हातात घेतली, आपल्या पदरानं पुसली.

"मले काय माईत? मी त्याइचं तोंड कधी पाह्यलंच नाई. मान वर कराची सोय होती कुठं? पाय पाह्यले फक्त." तिनं तसबीर मायच्या हातात परत दिली. "राहू दे भिंतीवर. कोनाचं तरी तोंड असू दे. अन् तू हास आता, तुहाच बाप हाय."

वडिलांना आम्ही कोणीच काही सांगितलं नाही. पुढे मायचे वडील आले, त्यांनी तसबिरीला हात जोडले आणि म्हणाले, "व्याही रुबाबदार होते, बरं का!" माय हसत हसत मागच्या दारी पळाली.

आजी मात्र रोज जेवण झाल्यावर त्या भिंतीसमोर बसायची, डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकून, मान चांगली वर करून.