करून राह्यलो

आमच्या बोलीत एक फार मोठी सोय आहे. ‘करून राह्यलो.’ म्हणजे काम चालू आहे. किती झालं, कधी संपेल, मुळात हात तरी लावला का, यातलं काहीही सांगावं लागत नाही. वडीगोद्रीत हायवेला लागून माझं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची नवी तार भरायचं दुकान आहे. ते मी दोन वर्षं या दोन शब्दांवर चालवलं.

कारण मी शेतीत अडकलो होतो. मोबाईलमधल्या. त्या गेममध्ये माझं रान असं होतं की बघत राहावं! गहू, मका, कोंबड्या, निळ्या छपराचं घर. पाणी चुकलं की पीक माना टाकायचं, म्हणून मी दर अर्ध्या तासाला पाणी द्यायचो. तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसलेलो असायचो, खिशात टिंग वाजायचं, हात तिकडे. परत येईतो आकडा विसरलेला. पुन्हा एकपासून. मग कंटाळा, मग चहा, मग उद्या.

जानेवारी संपताना एका मावशींची विहिरीवरची मोटार जळून आली. नात्यातल्या नव्हेत, गिऱ्हाईक. शहागडच्या बाजूला त्यांची मोसंबीची बाग. बहार यावा म्हणून मोसंबीचं पाणी महिना-दीड महिना बंद ठेवतात, त्याला ताण देणं म्हणतात. मग ठरल्या वेळी पाणी सोडून ताण तोडायचा, की झाड फुलतं. उशीर झाला तर फुलायचं सोडून वाळायला लागतं. मावशींचं सगळं वर्ष त्या मोटारीत होतं, आणि त्यांनी ते मला नीट समजावून सांगितलं होतं.

तीन दिवस त्यांचा फोन आला. तिन्ही दिवस माझं उत्तर तेच. चौथ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच दुकानासमोर रिक्षातून उतरल्या. मी तेव्हा गव्हाला पाणी देत होतो.

“काय करून राह्यला, मिस्तरी?”

“तुमचीच मोटार, मावशी!”

त्यांची मोटार टेबलाखाली होती. तिच्यावर माझा जेवणाचा डबा.

लेकराच्या तोंडातून खडू काढावा तसा त्यांनी माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

“अगं बाई, लई हिरवंगार हाय की. कुणाचं रान?”

“माझंच.”

“पाणी कोण देतं?”

“मीच.”

“येळेवर?”

“बिलकुल!” मी म्हणालो. आणि जे म्हणालो ते माझं मलाच ऐकू आलं.

मावशींनी मोबाईल पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली सारला. “माझी मोटार तुझ्याकडं, तुझा मोबाईल माझ्याकडं. मोटार घेऊन ये अन् घेऊन जाय.”

“अहो मावशी, गिऱ्हाइकांचे फोन येतेत!”

“मंग मी उचलीन की. सांगीन, करून राह्यला म्हणून.”

आणि गेल्या.

पहिला तास मी खिसाच चाचपत होतो. दोनदा तर टिंग ऐकू आलं, रिकाम्या खिशातून! मग दुसरं काही सुचेना म्हणून वेढे मोजायला बसलो. चाळीस झाले, पन्नास झाले, आकडा कुठे गेलाच नाही. कितीतरी महिन्यांनी एक अख्खी कॉइल एका बैठकीत झाली. बोटांना काम आठवत होतं, मीच त्यांना विसरलो होतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉइल बसल्या. दुसऱ्या दिवशी तारांवर मारलेलं वार्निश वाळलं आणि मोटार टेम्पोत टाकून मी बाग गाठली.

जोडणी केली, बटण दाबलं. पाइपाने दोन उचक्या दिल्या आणि पाणी आलं. ते पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरेपर्यंत मावशी माझ्याकडे वळल्या नाहीत. मग त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला.

“घे बाबा. कालपासून वरडून राह्यलाय. पीक वाळलं, पीक वाळलं!”

“मंग तुम्ही काय केलं?”

“काय करणार? म्हणलं, थांब जरा, करून राह्यले.”

हसून हसून मी बांधावरच बसलो.

तो गेम तिथल्या तिथे काढून टाकला, असं सांगायला मला फार आवडलं असतं. खरं म्हणजे दोनदा काढला आणि दोनदा परत घेतला. तिसऱ्यांदा गेला तो गेला. मोबाईल आता काम संपेस्तोवर जेवणाच्या डब्यात असतो आणि गिऱ्हाइकाला उत्तर मिळतं ते ‘झालं’ किंवा ‘न्हाई झालं’.

त्या वर्षी बाग फुलली. पाणी सगळ्यात उशिरा पोचलं त्या दोन ओळी मात्र फुलल्या नाहीत. तरी मावशींनी हंगामात मला मोसंब्यांची गोणी धाडली. सोबत निरोप : “बाकीच्या ओळींच्या हायेत.”

तेव्हापासून दरवर्षी ताण तोडायच्या आधी मी जाऊन मोटार तपासतो आणि त्या दोन ओळींना स्वतःच्या हाताने पाणी देतो. मागून हाक येतेच, “काय करून राह्यला, मिस्तरी?”

“पाणी देऊन राह्यलो, मावशी!” मी हातातलं खोरं उंचावून ओरडतो. पाय घोट्यापर्यंत चिखलात असतात.