आठवी मात्रा

बाबा गेल्यावर आईला आम्ही इकडे परदेशात, ब्लँचर्डस्टाउनला आमच्या घरी आणलं. ती जेवत नव्हती, एवढीच आमची काळजी होती. रुसवा नव्हता. ताट वाढून घ्यायची आणि त्यासमोर थांबून राहायची. बाबा स्वतःचं जेवण झालं की हातातली अंगठी स्टीलच्या ताटाच्या कडेवर एकदा वाजवायचे. मग ती जेवायला सुरुवात करायची. जन्मभराची सवय. आता वजनकाट्यावरचा तिचा आकडा दर रविवारी खाली येत होता.

आमच्या जेवणघराची भिंत शेजारच्या घराला लागून आहे. तिथे एक ब्राझीलचा गायक भाड्याने राहायचा. दिवसा हॉटेलात भांडी घासायचा. एका पायात हिरवा बूट, दुसऱ्यात काळा. संध्याकाळी स्वतः रचलेली गाणी म्हणायचा. माझी लेक फोनवर भाषांतर करून अर्थ सांगायची. रिकामं घर कुणाचं, नदीचं वय कसं मोजायचं, असले प्रश्न. ताल धरायला तो चिनी मातीच्या बशीवर सुरी घासायचा. त्याच्या खेड्यातली ती पद्धत. मला मोजायची खोड आहे. सात मात्रा घासायचा, आठवी रिकामी सोडायचा. दर आवर्तनात.

एकदा जेवताना त्या आठव्या मात्रेत टण्ण आवाज झाला. स्टीलचा. आईने घास उचलला.

"आई, तुम्ही वाजवलंत?" बायकोने विचारलं.

"मी कशाला वाजवू? जेवू दे की गं."

पुढे रोज तेच. आई जेवू लागली. काटा वर सरकला. लेक मला म्हणाली, "आजी इज ग्रँड, बाबा. मस्त जेवतेय. लीव्ह इट."

मला राहवेना. शेजारी जाऊन मी बशी पाहिली, सुरी पाहिली. त्याच्या घरात स्टीलचं ताट नव्हतं.

"शेवटचा ठोका कशावर देतोस?"

"तिथे मी देत नाही," तो म्हणाला. "गेलेल्या माणसाची ती जागा. सगळं गाणं मीच भरून टाकलं तर तो बसणार कुठे?" मग आवाज उतरवून म्हणाला, "पण हल्ली तिथे कुणीतरी वाजवतं. मला वाटलं, तुम्हीच भिंतीवर मारता. तक्रार म्हणून."

त्याच आठवड्यात तो खोली सोडून दुसऱ्या गावी, किलकेनीला निघून गेला. घाबरून गेला की कामासाठी, ते मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे शांतता होती. आई ताटासमोर थांबून होती. भात निवत चालला होता. शेवटी मी उठलो, कपाटातून बाबांची अंगठी काढली, बोटात घातली आणि माझं ताट पुढे ओढलं. तिला फसवतोय हे कळत होतं, पण तिने जेवायला हवं होतं. मनात सात मोजले आणि हात उचलला.

हात ताटापासून वीतभर वर असतानाच आवाज झाला.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आईने पाहिलं ते टेबलाच्या टोकाच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"आज लवकर आटोपलं यांचं," ती म्हणाली, आणि तिने भात कालवायला घेतला.