इथे अंदाज नको

चष्मेवाल्या आजोबांच्या दुकानात भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे आणि त्याच्या शेजारी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी: 'दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. इथे अंदाज नको.'

पाटीला कारण आहे. माणसाला तक्त्यासमोर बसवलं की त्याला वाटतं, आपली परीक्षा चालू झाली. मग तो डोळे बारीक करतो, मान कासवासारखी पुढे काढतो आणि न दिसणारी ओळही घडाघडा म्हणून दाखवतो. पास होतो, चुकीच्या नंबराचा चष्मा नेतो. आठवड्याभराने कपाळ धरून परत येतो आणि चष्म्याला नावं ठेवतो. एका निवृत्त हेडमास्तरांनी तर अख्खा तक्ता पाठ केला होता. त्यांना दुकानाच्या दाराची मूठ सापडत नव्हती, पण शेवटची ओळ बिनचूक.

आजोबा अशा लोकांवर चिडत नाहीत. तपासणीची जड गोल फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवतात, पेटीतून एकेक भिंग काढून त्यात सरकवतात आणि विचारतात, "ही काच बरी, की ही?" निम्मे लोक सांगतात, "दोन्ही छान आहेत हो." आजोबांचं मन राखण्यासाठी. आजोबा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. त्यांचं आयुष्य बरंचसं या एका प्रश्नात गेलं आहे, आणि त्यांना स्वतःला तो कोणी फारसा विचारलेला नाही.

घरात ते, लिफ्ट दुरुस्त करणारा मुलगा, औषधांच्या दुकानात काम करणारी सून आणि पहिलीतली नात. नातीला आजोबा 'स्क्रू' म्हणतात, कारण जन्मली तेव्हा ती त्यांना चष्म्याच्या दांडीतल्या स्क्रूइतकी वाटली होती, आणि पुढे रांगायला लागल्यावर तशीच काउंटरखाली हरवायची. शाळा सुटल्यावर आई येईपर्यंत स्क्रू दुकानात बसते. पुसायची फडकी घडी करते, गिऱ्हाइकाच्या एका डोळ्यावर पुठ्ठा धरते आणि कोणी मान पुढे काढली की शांतपणे पाटीकडे बोट दाखवते. तिला पाटी वाचता यायच्या आधीपासून ती पाठ आहे.

तर या स्क्रूच्या परीक्षेचा निकाल आला. परीक्षा म्हणजे नेहमीची नव्हे. सगळ्या शाळांत एकाच दिवशी, एकच पेपर, सगळ्यांना सारखाच वेळ. प्रश्न वाचायचा आणि बरोबर उत्तरापुढचा गोल रंगवायचा. निकालाच्या कागदावर एक आडवी रेघ होती, रेघेवर एक ठिपका, ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना राखाडी पट्टी आणि वर आकडा: अठरा. खाली लिहिलं होतं की, विसाच्या आत असलेल्या मुलांना दुसरीऐवजी मागच्या इमारतीतल्या तयारी वर्गात वर्षभर बसवण्याचा विचार केला जाईल, पालकांनी शुक्रवारी भेटावं, हे सर्व मुलांच्या हितासाठीच आहे. ही शेवटची ओळ असलेल्या पत्रात चांगली बातमी आल्याचं अजून कोणाच्या ऐकिवात नाही.

"शंभरात अठरा," मुलगा जेवणाच्या टेबलापाशी उभ्यानेच म्हणाला. "मीसुद्धा एवढे कमी कधी पाडले नाहीत."

"एकोणीस पाडले होतेस," आजोबा म्हणाले. "भूगोलात."

"ते मार्क नाहीत हो," सून कागद उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचत होती. औषधांच्या खोक्यांवरची सूचना अख्खी वाचणारी त्या घरात ती एकटीच. "शंभर मुलं मार्कांप्रमाणे रांगेत उभी केली, तर अठरा हिच्या मागे. बाकीची पुढे."

"म्हणजे त्याहून वाईट," मुलगा म्हणाला.

"मी रांगेत नव्हते," स्क्रूने खुलासा केला. "मी बाकावर होते."

"नाव तुम्हीच ठेवलंत ना, बाबा, स्क्रू," मुलगा हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला. "आता ढिला निघाला तर कंपनीला दोष देता येणार नाही."

स्क्रूने विचारलं, मागच्या इमारतीत खिडकी आहे का, आणि तिची बाकावरची जोडीदारीणही तिकडे येणार का. आईने सांगितलं, अजून काही ठरलेलं नाही, आधी जेव. स्क्रू जेवली. बाकीच्यांनी जेवल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी तेच केलं, जे त्यांच्या धंद्यातला कोणीही आधी करेल. दुपारी गिऱ्हाईक नसताना नातीला तक्त्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. इतकी वर्षं जगाचे डोळे तपासले आणि घरचेच राहिले, अशी कबुली द्यायचीही त्यांची तयारी होती. डोळे कच्चे निघाले तर सगळं सोपं होतं. चष्मा बसवला की ठिपका पुढे सरकणार. त्यासाठी त्यांनी मनातल्या मनात एक निळी फ्रेमही काढून ठेवली.

स्क्रूने वरच्या ओळी भराभर वाचल्या. शेवटच्या ओळीत तीन अक्षरं वाचून थांबली.

"पुढचं?"

"दिसत नाही."

आजोबांना इतकं बरं वाटलं की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी एक भिंग सरकवलं. "आता?"

"तसंच."

दुसरं भिंग. "ही बरी, की ती?"

"दोन्ही सारख्या. आणि नाकाला लागतंय."

"बरं, काही ना काही तर दिसत असेल. काय दिसतं?"

"म आहे की भ, खात्री नाही. भ वाटतोय."

तो भ होता. त्यानंतरची अक्षरंही तिला बरोबर 'वाटली'. त्या ओळीपर्यंत दुकानात येणाऱ्यांतले फार थोडे पोचतात. निळी फ्रेम मनातल्या मनात परत काचेच्या कपाटात गेली.

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

स्क्रूने पाटीकडे बोट दाखवलं. "वाटतोय म्हणजे अंदाज."

आजोबांनी भिंगं एकेक करून पेटीत ठेवली, आणि नेहमी नेमक्या खाचेत बसणारी भिंगं त्या दिवशी दोनदा चुकीच्या खाचेत गेली. मग त्यांनी विचारलं, "शाळेच्या त्या पेपरातही असंच केलंस?"

"हो. खात्री होती तिथे गोल रंगवला. नव्हती तिथे सोडून दिला." आणि आजोबांचा चेहरा पाहून तिने समजुतीच्या सुरात सांगितलं, "बाईंना चुकीचा नंबर गेला असता ना."

संध्याकाळी सून स्क्रूला न्यायला आली तेव्हा आजोबा स्टुलावर चढून पाटीचा खिळा उपटत होते.

"हे काय चाललंय?"

त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "पोर माझ्या पायी तयारी वर्गात चालली."

सुनेने आधी स्टूल धरलं. "उतरा खाली. उद्या कोणी अंदाजाने चष्मा नेला आणि जिन्यावरून पडला, तर तेही तुमच्याच पायी. पाटी राहू द्या."

"पण कारण सापडलं ना?"

"एक कारण सापडलं. घरी गोष्टीचं पुस्तक घेऊन बसते तेव्हा ती अडखळते, हे मी रोज ऐकते. तिथे काही पाटी नाही. बाबा, तुम्हीच शुक्रवारी चला. ह्यांना नेलं तर हे बाईंना लिफ्टची उदाहरणं देतील."

शुक्रवारी आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून सुनेबरोबर गेले. खिशात सवयीने बारका स्क्रूड्रायव्हर होताच. पालकांसाठी वर्गात मुलांचीच बाकं ठेवली होती. आजोबांचे गुडघे छातीशी आले, आणि वाद घालायला आलेला माणूसही अशा बाकावर निम्मा विरघळतो, हे शाळेला ठाऊक असावं. स्क्रू बाहेर व्हरांड्यात बसली.

बाई तरुण होत्या. चष्मा दर वाक्याला नाकावरून घसरत होता आणि त्या दर वाक्याला तो वर ढकलत होत्या. पहिली पाच मिनिटं आजोबांना त्या काय म्हणाल्या ते कळलं नाही; त्यांचं सगळं लक्ष डाव्या दांडीवर होतं.

"ठिपक्याकडे पाहू नका," बाई म्हणत होत्या. "या राखाडी पट्टीकडे पाहा. तीच मुलगी दुसऱ्या दिवशी बसली असती, पोटात दुखत नसतं, शेजारचा मुलगा रडत नसता, तर ठिपका या पट्टीत कुठेही पडला असता. अकरापासून सत्तावीसपर्यंत. आमची विसाची रेघ या पट्टीच्या मधूनच जाते."

"म्हणजे नक्की कुठे आहे, हे कागदाला माहीत नाही?" सुनेने विचारलं.

"कागदाला एवढंच माहीत आहे की मधल्या मुलांपेक्षा मागे आहे. किती, ते तो ठामपणे सांगत नाही. ठामपणे आम्ही सांगतो, रेघ मारून." चष्मा वर. "मला वेगळंच कोडं पडलंय. वेळ पुरला नाही की मुलांचे शेवटचे प्रश्न कोरे राहतात. हिचे मध्ये मध्ये कोरे आहेत. कसरीने खाल्लेल्या शालीसारखा पेपर. आणि जे सोडवले ते एकूण एक बरोबर. असा पेपर मी पाहिला नव्हता."

सुनेने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी पाटीची गोष्ट सांगितली, भ ची सांगितली, चुकीच्या नंबराची सांगितली. सांगताना त्यांनी दोनदा हात पुढे केला आणि मागे घेतला. तिसऱ्यांदा म्हणाले, "बाई, चष्मा जरा देता का? बोलणं चालू राहू द्या."

बाईंनी दिला. त्यांनी दांडी आवळली. तेवढा वेळ बाई धूसर चेहऱ्यांकडे पाहत विचार करत होत्या. चष्मा परत घातल्यावर त्यांनी मान जोरात हलवून पाहिली. चष्मा जागचा हलला नाही.

"आकडा मला बदलता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तयारी वर्ग नुसत्या आकड्यावर ठरत नाही. मुलीला एकदा समोर बसवून मी माझं मत जोडू शकते. सोडलेले प्रश्न तोंडी विचारते. एकच अडचण आहे. ती पुन्हा 'खात्री नाही' म्हणेल. वाटतं ते बोलायचं, हे तुम्हालाच तिला सांगावं लागेल."

आजोबा बाकातून सुटून बाहेर गेले. स्क्रू पाय हलवत बसली होती.

"हे बघ," ते म्हणाले. "बाई काही प्रश्न विचारतील. खात्री नसली तरी काय वाटतं ते सांगायचं. इथे अंदाज चालतो."

स्क्रूने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू हेडमास्तरांचा तक्ता त्यांनीच पाठ करून घेतला होता. "दुकानात?"

"दुकानात नाही."

"मग इथे चुकलं तर कोणाचं डोकं दुखेल?"

आजोबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "फार तर बाईंचं. त्यांना सवय आहे."

"आणि तुम्ही रागावणार नाही?"

"नाही. वाटतंय असं म्हण, म्हणजे त्यांनाही कळेल की वाटतंय."

ती आत गेली आणि सून बाहेर आली. दार अर्धं उघडं होतं, त्यामुळे आजोबा आणि सून बाहेरून ऐकू शकत होते. प्रत्येक उत्तराआधी स्क्रू "वाटतंय की" म्हणत होती आणि मग बहुतेक वेळा बरोबर बोलत होती. पण लांबलचक उताऱ्यापाशी गाडी रुतली. एकेक शब्द ती अंधारात भिंत चाचपावी तसा चाचपत होती, आणि शेवटाशी पोचेपर्यंत सुरुवात विसरत होती. आजोबांच्या ओठांची हालचाल सुनेने पाहिली आणि त्यांच्या दंडावर हात ठेवला. त्यांनी ओठ मिटले.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी गोड करून सांगितलं नाही. "तयारी वर्गाची गरज नाही. दुसरीत जाईल, तसं मी लिहून देते, आणि माझं मत शाळा ऐकते. पण वाचनात मागे आहे, ते खरंच आहे. आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर थांबवा. मी घेते."

"मग तिचा खरा आकडा कोणता?" आजोबांनी विचारलं.

"पहिला त्या दिवसाचा. दुसरा काढला तर तो आजचा."

हे उत्तर आजोबांना एकदम पटलं. कोणीही चष्म्याचा नंबर घेऊन निघालं की तेही सांगतात, हा आजचा आहे, वर्षाने पुन्हा या. लोक मान डोलावतात आणि तोच नंबर जन्मभर धरून बसतात.

आता आठवड्यातून दोन दिवस स्क्रू दुकानात उशिरा येते. उरलेल्या दिवशी आजोबा तिला तयार चष्म्यांच्या पाकिटांवरची नावं मोठ्याने वाचायला लावतात. ती अडखळते. पूर्वी अडखळली की गप्प बसायची. आता "वाटतंय की" म्हणून काहीतरी नाव घेते, आणि त्यामुळे काही गिऱ्हाइकांना नवीन नावं मिळाली आहेत. आजोबा पाकीट देण्याआधी एकदा स्वतः पाहून घेतात.

परवा एक जाडजूड कंत्राटदार तक्त्यासमोर बसला आणि मान पुढे काढून शेवटची ओळ ठोकून देऊ लागला. पुठ्ठा धरून उभी असलेली स्क्रू त्याला म्हणाली, "काका, इथे नाही चालत. तुम्ही शाळेत या."

कंत्राटदाराने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी पुढचं भिंग सरकवलं आणि विचारलं, "ही बरी, की ही?"