फुलक्रानची बोट

आमच्या गावात सरकारला सगळ्यात जास्त शिव्या कोणी दिल्या आणि सगळ्यात जास्त अनुदान कोणी खाल्लं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच: फुलक्रान बुस्के. बापाच्या द्राक्षवेली उपटायला त्यानं पैसे घेतले, नव्या जातीच्या लावायला घेतले, आणि सत्तरीला टेकल्यावर त्याच उपटायला पुन्हा अर्ज केला. वर म्हणायचा, "सरकार एका हातानं लावायला लावतं, दुसऱ्या हातानं उपटायला. आपण दोन्ही हातांनी घ्यायचं."

या खेपेचे पैसे बोटीसाठी होते. समुद्राकाठच्या खाडीत एक छोटी बोट घ्यायची आणि मरेपर्यंत मासे धरायचे. मी लग्न होऊन त्याच्या शेजारच्या घरात आले तेव्हापासून ही बोट ऐकतेय. छाटणीत पाठ धरली की बोट, गारा पडल्या की बोट, सोसायटीनं वाइनचा भाव पाडला की बोट.

नियम साधा होता. आधी शेतकी कचेरीचं माणूस येऊन उभी बाग बघणार, मग उपटायची. पण आमच्याकडे वेली उपटतात त्या उतरत्या चंद्रात. जानेवारीतला चंद्र उतरू लागला तरी कचेरीचा पत्ता नाही.

"चंद्र काय त्यांना विचारून उतरतो?" असं म्हणून त्यानं मला माझा ट्रॅक्टर काढायला लावला. बाग आडवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला: पुढच्या आठवड्यात पाहणीला येतो.

"आता काय दाखवणार? तुझी टोपी?" मी विचारलं.

रविवारी चर्चमधून सगळं गाव थेट त्याच्या शेतात आलं. उपटलेला एकेक खुंट परत खड्ड्यात उभा केला. हिवाळ्यात वेल तशीही वाळकं लाकूडच दिसते, कचेरीला काय कळणार! फुलक्रान मधे उभा राहून खेकसत होता, "अरे, सरळ कर तो! दारू पिऊन उभा असल्यासारखा दिसतोय!" जेवायला सॉसेज भाजायचे होते, तर म्हणे, "चुलीत खुंट घालाल तर खबरदार! आज सगळे कामावर आहेत."

आणि कचेरीच्या व्हिदालांकबाई पडल्या आजारी. फेब्रुवारीभर पाऊस कोसळला. भीतीनं आम्ही कोणी बागेकडे फिरकलो नाही. एप्रिलमध्ये बाई आल्या, मी आणि फुलक्रान मागोमाग गेलो. खुंटांना डोळे फुटले होते. सगळ्यांना नाही, पण ओळीच्या ओळी गुलाबी कोंबांनी भरल्या होत्या.

"बाग जरा वाकडीतिकडी आहे, काका, पण जिवंत आहे," बाई म्हणाल्या. "मंजूर. इथे सही करा आणि महिन्याभरात उपटून टाका."

फुलक्रान खाली बसला. एका कोंबाला बोट लावलं. "उपटलं तर होतं हिला," तो पुटपुटला. मी त्याच्या पायावर पाय दिला. त्याला कळलंही नाही. डोक्यावरची टोपी काढून तो नुसता बघत राहिला. मग उठला आणि बाईंचं पेन परत केलं.

"नाही उपटत."

मला भरून आलं, आणि संतापही आला. डिझेल माझं जळालं होतं.

"आणि बोट?" मी ओरडले. "चाळीस वर्षं डोकं खाल्लंस ती बोट?"

"बोटीचं काय घेऊन बसलीस," तो म्हणाला. "मला पोहायला कुठं येतं?"